बायकांची बिमारी

माझ्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. तो माझ्याबरोबर वीस वर्षांहून जास्त राहतोय, पण आमच्या घरात त्याचं नाव अजून कुणी पूर्ण उच्चारलेलं नाही. नवरा 'एमएस' म्हणून मोकळा होतो. त्यावर उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या, "एमएस-सीआयटी ना? आमच्या सुनेचंही झालंय." मी म्हणाले, "हो का? मग जपा तिला." माहेरी, फुलंब्रीला, तेवढेही कष्ट कुणी घेत नाही. तिथं माझ्या आजाराला 'हिचं ते' म्हणतात. "हिचं ते पुन्हा उठलं का?" असं माय नवऱ्याला फोनवर विचारते, तेव्हा मी शेजारीच बसलेली असते.

आजार समजायला अवघड नाही. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर एक वेष्टण असतं, विजेच्या वायरीवर असतं तसं. आपलंच शरीर उंदरासारखं ते कुरतडत बसतं. डोळ्याची वायर कुरतडली तर दिसायचं बिघडतं, पायाची कुरतडली तर चालायचं. असं एकदम काहीतरी बिघडतं त्याला आम्ही पेशंट लोक अटॅक म्हणतो. काही आठवड्यांनी बरंचसं परत येतं आणि थोडं येत नाही. ते जे थोडं येत नाही, तेवढ्यापुरतं माणूस कमी होत जातं.

माझा पहिला अटॅक माझ्या लग्नाच्या बस्त्यात आला. मी तेवीस वर्षांची होते. चित्रकलेचा डिप्लोमा करून नुकतीच शाळेत लागले होते, म्हणून रंगांच्या बाबतीत स्वतःला फार शहाणी समजायचे. गुलमंडीवरच्या एका दुकानात दोन्हीकडची मिळून अठरा-वीस माणसं गादीवर बसलेली. समोर लालभडक शालू उलगडला आणि मी म्हणाले, "फिका आहे." दुकानदारानं दुसरा काढला. तोही मला धुतल्यासारखा, विटकरी दिसला. तिसरा, चौथा, सगळे तसेच. मग मी चित्र काढताना बघतो तसं एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून. उजव्या डोळ्याला लाल लाल दिसत होता, डाव्याला मळका. मी खात्री करून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा डोळे मिटत होते, आणि माझ्या बरोबर समोर शालू धरून उभा असलेला दुकानातला माणूस हळूहळू लाजायला लागला.

मायनं दंडाला धरून मला जिन्याखाली नेलं. "खरं सांग. दुसरा कोन हाय?"

"कोण दुसरा?"

"शालूत खोट काढती म्हंजी नवऱ्यातच खोट दिसू ऱ्हायली तुला. आन त्या दुकानदाराला डोळे काहून मारू राहिली?"

मी म्हणाले, डाव्या डोळ्याला रंग दिसत नाही, डोळा हलवला की दुखतो. माय म्हणाली, लग्न ठरलं की सगळ्या पोरींचं काही ना काही दुखतं. तिचंही दुखलं होतं. होणाऱ्या नवऱ्यानं बिचाऱ्यानं सातवा शालू निवडला आणि मी मान डोलावली. महिना-दीड महिन्यात डोळा आपोआप बरा झाला, तोवर लग्नही उरकलं होतं. त्यामुळं लग्न झालं की पोरींचे डोळे सुधारतात, हे मायचं मत पक्कं झालं.

दुसरा अटॅक बाळंतपणानंतर आला. पहिलं बाळंतपण म्हणून मी फुलंब्रीला होते. मूल वीसेक दिवसांचं असेल. कमरेला कुणीतरी चामड्याचा पट्टा आवळल्यासारखं वाटायचं आणि कमरेखाली सगळं बधिर. मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "बाळंतवारं शिरलं," आणि शेक वाढवला. बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा, वर मी. रोज सकाळ-संध्याकाळ. एका सकाळी मीच तिला हाक मारून म्हणाले, "माय, काहीतरी करपतंय. तव्यावरची भाकर बघ." भाकरी ठीक होती. करपत होते ती मी. घमेलं वर सरकलेलं होतं, सुतळीतून धग येऊन मांडीची मागची बाजू तळहाताएवढी भाजली होती आणि मला पत्ता नव्हता.

पट्टी करायला आलेल्या गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "एवढं भाजलं तरी कळलं नाही?" इतक्या दिवसांत मला कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. त्यांनी शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. एमआरआय झाला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, आणि आजाराला नाव मिळालं. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटूत वारं कसं दिसंल? वारं कधी फोटूत येतं व्हय?" तिच्या लेखी प्रकरण तिथंच मिटलं. ही बायकांची बिमारी, बाळंतपणात जडलेली, बाकी डॉक्टरांचं पोटापाण्याचं बोलणं.

त्या डॉक्टरांकडं मी आजही जाते. एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं होतं की या आजाराचा असा एक कल दिसतो, नियम म्हणता येणार नाही. बायकांना बऱ्याचदा डोळ्याचं आणि संवेदनेचं होतं, म्हणजे अंधुक दिसणं, मुंग्या, बधिरपणा. पुरुषांचे पाय आणि तोल जास्त बिघडतो. वयाचंही तसंच. तरुणपणी डोळा वगैरे, आणि वय वाढत गेलं की पाय जड होणं, लघवीची तक्रार.

"म्हणजे बायकांना जे होतं ते कुणाला दिसत नाही," मी म्हणाले, "आणि पुरुषांना होतं ते अख्ख्या गावाला दिसतं."

डॉक्टर हसले. "पुस्तकात असं लिहीत नाहीत. पण हो, साधारण तसंच."

मी हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, फोनवर मायला सांगितलं, भावालाही सांगितलं. माय म्हणाली, "आपल्या खानदानात गड्याला असलं काही होत नसतं." ती खानदानाची इभ्रत राखत होती, त्यामुळं मी वाद घातला नाही.

वयाचा अनुभव दोन वर्षांपूर्वी आला, शेहेचाळिसाव्या वर्षी. उजवा पाय दुपारपर्यंत पोत्यासारखा जड व्हायचा. लघवी आली की आलीच, थांबणं नाही. सातवीच्या वर्गाला 'बाजारातील दृश्य' असा विषय देऊन मी कॉरिडॉरमधून लंगडत पळायचे. मुख्याध्यापक बाई समजुतीनं म्हणाल्या, "पाळी जायच्या वयात माझंही अस्संच झालं होतं." वहिनी म्हणून, जाऊ म्हणून, मैत्रीण म्हणून जी भेटेल तिचं अस्संच झालं होतं. एका बाईंनी कॅल्शियम दिलं. आणि या वेळी गंमत म्हणजे मीच फसले. आधी दुसऱ्यांनी लावलेली कारणं मी नाकारायचे, हे कारण मी स्वतःच लावून घेतलं. सहा आठवडे कॅल्शियम खाल्लं. डॉक्टरांकडं गेले तेव्हा ते म्हणाले की हा अटॅकच होता, औषध आधीच बदलायला हवं होतं. पाय पूर्ण परत आला नाही. लवकर गेले असते तर आला असता का, हे ते छातीठोक सांगत नाहीत. मी मात्र शाळेचा जिना चढताना रोज त्या सहा आठवड्यांना शिव्या देते.

एवढं सगळं सांगायचं कारण माझा भाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, फुलंब्रीला बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान चालवतो. आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. लग्नात मित्रांनी कोल्ड्रिंकमध्ये मिसळून दिली तर वासावरून ओळखून ग्लास खिडकीतून ओतला आणि खाली उभ्या असलेल्या बँडवाल्याची माफी मागत बसला, असा माणूस. दिवसातून चार वेलच्या खाणं हेच त्याचं व्यसन.

मागच्या उन्हाळ्यात तो दुपारनंतर झुलायला लागला. सकाळी ठीक असायचा. बारा वाजले, दुकानाचे पत्रे तापले, की चालताना पाय भलतीकडं पडायचे आणि जीभ जड व्हायची. आमच्या आजाराला उष्णता सोसत नाही, हे मला माहीत आहे. पण फुलंब्रीच्या बाजारपेठेला हे कोण सांगणार? बाजारपेठेनं आपला निष्कर्ष काढला. सकाळी शुद्धीत, दुपारी झोकांड्या, म्हणजे दुकानातच घेतो. एकदा बसस्टँडसमोर तो मोटरसायकलसकट आडवा झाला आणि उरलेल्यांचीही खात्री पटली.

भावजयीनं दुकान धुंडाळलं. युरियाच्या गोण्यांमागं, फवारणीच्या पंपात, बियाण्याच्या पेट्यांत, कुठंच बाटली मिळाली नाही. त्यावरून तो किती बेरकी आहे हे तिला कळलं. माय रोज संध्याकाळी जवळ बसवून त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वेलचीचा वास यायचा. "वास मारायला खातो," माय म्हणाली. जो माणूस वीस वर्षं वेलची खातो त्याच्याबद्दल ती असं म्हणाली. आणि तो? हो पण नाही आणि नाय पण नाही.

मला हे सगळं कळलं ते आमंत्रण आल्यावर. भावजयीचं माहेर देवगाव रंगारीचं, मोठं बागायतदार घर. तिचे दोघे भाऊ शनिवारी येणार होते आणि मारुतीच्या देवळात माझ्या भावाकडून दारू सोडल्याची शपथ घेणार होते. मोठी बहीण म्हणून मी हजर पाहिजे होते. मी नवऱ्याला म्हणाले, "जो पीत नाही तो सोडणार काय?" नवरा म्हणाला, "लोक म्हणतात तर काहीतरी असेल." या वाक्यावर मी संसार करते आहे.

देवळाच्या पाच पायऱ्या होत्या. सगळे भावाचा चेहरा बघत होते, डोळे लाल आहेत का, मान खाली आहे का. मी त्याचे पाय बघत होते. डावं पाऊल फरशीवर थपकन पडत होतं. प्रत्येक पायरीला तो थांबून खाली बघत होता, पाऊल कुठं पडलंय ते डोळ्यांनी तपासून मगच वजन टाकत होता. मी स्वतः दोन वर्षं तसंच चढते.

वर शपथेचा सोहळा सुरू झाला. मोठा मेव्हणा दारूच्या दुष्परिणामांवर फार जिव्हाळ्यानं बोलला. त्याला विषय आतून माहीत होता, रोज संध्याकाळी तो त्याचा अभ्यास करतो. मग भावानं नारळावर हात ठेवून म्हटलं, "आजपासून दारूला शिवणार नाय." आवाज थोडा अडखळला. मेव्हण्यांनी एकमेकांकडं बघितलं. माय पदरानं डोळे पुसत होती. माझ्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा खोटी शपथ घेतली, आणि ती तंतोतंत पाळणं त्याला अगदी सोपं होतं.

मी मायला बाजूला घेऊन म्हणाले, "हे माझ्यासारखं दिसतंय. त्याला डॉक्टरकडं नेऊ."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला शाप दिलाय. "तुझी बिमारी त्याला कामून लावती? ती बायकांची असती. तो गडी हाय, पिऊन बिघडला, सुधरंल."

आता विचार करते तेव्हा वाटतं, तिच्या दृष्टीनं दारूत आशा होती. दारू सुटते.

शपथेला पंधरा दिवस झाले आणि तो भर दुपारी दुकानाच्या काउंटरवर कोसळला. आता तो नुसता दारुडा राहिला नव्हता, देवासमोरची शपथ मोडणारा दारुडा झाला होता. भावजयीचा मला रडत फोन आला. "ताई, मी लेकरं घेऊन देवगावला चालले. दादानं केंद्रात बोलणं केलंय. सोमवारी गाडी येऊन त्यांला घेऊन जाईल. तीन महिने." केंद्र म्हणजे व्यसनमुक्तीचं. तीन महिने आत, बाहेर फोन नाही, भेट नाही. माझे सहा आठवडे कॅल्शियम खाण्यात गेले होते. त्याचे तीन महिने दारू न पिण्याचं शिक्षण घेण्यात जाणार होते. तो फोन शनिवारी संध्याकाळचा. माझ्या हातात एक रविवार होता.

सकाळीच नवऱ्याला गाडी काढायला लावली. भाऊ दुकानात होता, शटर अर्धं ओढून खुर्चीत बसलेला. नवऱ्याला मी मायकडं पाठवलं आणि आत जाऊन सरळ विचारलं, "तू दारू पितोस?"

"नाय."

"मग सगळ्यांना सांगत का नाहीस?"

"सांगून काय करू? मंग ते विचारतील, दारू नाय तर काय हाय?" त्यानं डाव्या पायाकडं बघितलं. "ताई, आधी पन एकदा झालं होतं. एकाचं दोन दिसायचं. एक डोळा झाकून मोटरसायकल चालवायचो. कुनाला सांगितलं नाय, गेलं आपोआप. हे पन जाईल. तीन महिने केंद्रात ऱ्हातो, बरा होऊन येतो, लोक म्हनतील सुटली ह्याची. दारूचं नाव पुसलं जातं. बिमारीचं नाव जातं का? तुझं गेलं का?"

त्याचं म्हणणं फार चुकीचं नव्हतं. दारू पिणाऱ्या पुरुषाच्या दुकानावर लोक येत राहतात. पाय लुळा पडत चाललेल्या माणसाकडून उधारीत बियाणं घ्यायलाही लोक बिचकतात. त्यानं दोन्हीची तुलना करून दारू निवडली होती. मी बाई असल्यामुळं माझ्यापुढं कधी असा पर्याय आलाच नाही, नाहीतर मीही विचार केला असता.

"ऊठ," मी म्हणाले. "पाय जुळवून उभा राहा. आता डोळे मीट."

"काहून?"

"डॉक्टर करतात. मीट."

त्यानं मिटले. तो दोन सेकंद उभा राहिला आणि झाडासारखा एका बाजूला कलला. मी धरायला गेले. मीही काही भक्कम पायांची नाही. दोघं मिळून युरियाच्या गोण्यांवर पडलो. तिथंच पडल्या पडल्या आम्ही बराच वेळ हसलो, आणि हसता हसता तो रडायला लागला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, तोंडावर हात धरून. मी लहानपणी त्याला कडेवर घेऊन हिंडले आहे, पण असा रडताना कधी बघितला नव्हता. मलाही रडू आलं, पण दोघांनी रडून भागणार नव्हतं.

"आजच माझ्याबरोबर औरंगाबादला चल," मी म्हणाले. गावात माझ्या तोंडात अजून शहराचं जुनंच नाव येतं.

"नाय येनार."

"बरं. मग मी आत्ता बाजारात जाते. चहाच्या टपरीपासून सुरुवात करते. प्रत्येकाला सांगते की माझा भाऊ दारू पीत नाही, त्यानं कधीच घेतलेली नाही, तुम्ही सगळ्यांनी त्याची बदनामी केलीय."

तो घाबरला. खरोखर घाबरला. "ताई, असं नको करू."

"सांगणारच. मेव्हण्याला पण फोन करून सांगते."

त्या दुपारी माझ्या भावाला माझ्या गाडीत बसवायला दुसरी कुठलीही धमकी पुरली नसती. माय आडवी आली. ती म्हणाली, सोमवारी केंद्राची गाडी येणार, लोक काय म्हणतील. भाऊच तिला म्हणाला, "माय, दोन दिवस ताईकडं ऱ्हातो. तिथून जाईन." असं खोटं बोलून का होईना, तो निघाला.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बोट नाकाला लावायला लावलं, सगळं विचारलं. एकाचे दोन दिसण्याचं त्यानं तिथं पुन्हा सांगितलं. एमआरआयच्या फोटोत नवे ठिपके होते आणि जुनेही. डॉक्टर म्हणाले, एका घरात दोघांना होणं फारसं दिसत नाही, पण होतं. "बहिणीला डोळा आणि बधिरपणा, भावाला तोल आणि पाय. तुम्ही दोघं पुस्तकातून उठून आल्यासारखे आहात." आम्हाला दोघांनाही पुस्तकात जायची हौस नव्हती.

आणि मी एक गोष्ट कबूल करते. ते फोटो बघताना माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. एका क्षणापुरतं मला बरं वाटलं, आता तरी कळेल असं. पुढच्याच क्षणी माझी मला लाज वाटली. तो पलीकडं शर्टाची बटणं लावत होता आणि डाव्या हाताला एक बटण सापडत नव्हतं.

त्याला पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या सलाईनसाठी दवाखान्यात ठेवलं. मी भावजयीला फोन केला. सगळं सांगितल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हंजी दारू नाय ना? नक्की नाय ना?" नक्की नाही म्हटल्यावर तिनं देवाचे आभार मानले. मेंदूचाच आजार निघाला म्हणून तिला इतका आनंद झाला की मला तिला समजावून सांगताना वाईट वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती लेकरांना घेऊन परत आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. मेव्हणे आले. मोठा म्हणाला, "मला आधीपासून शंका होतीच." फुलंब्रीहून गाड्या भरून माणसं आली. नारळपाणी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे. टपरीवाला आला, बँडवाला आला. एवढा ताकदीचा गडी आणि हे काय झालं, म्हणून चारचौघांनी उसासे टाकले. माझ्या वेळी याच दवाखान्यात, याच मजल्यावर, मी तीनदा अशी सलाईन घेतली होती. नवरा डबा आणायचा आणि एकदा शेजारच्या काकू आल्या होत्या. मला भावाचा हेवा वाटला. आजारी भावाचा हेवा वाटणारी बहीण म्हणजे काय चीज असेल, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

तिसऱ्या दिवसापर्यंत त्याची जीभ मोकळी झाली होती. भिंतीला धरून तो बाथरूमपर्यंत जाऊन आला. डावा पाय किती परत येईल, ते डॉक्टर आत्ता सांगायला तयार नव्हते, पण वेळेत आलात, असं म्हणाले. दुपारी गर्दी ओसरली. भावजय लेकरांना जेवायला घेऊन गेली, भावाचा डोळा लागला. माय खाटेवर त्याच्या पायाशी बसून डावा पाय दाबत होती. मी शेजारी स्टुलावर.

"मी दाबती ते ह्याला कळतं का गं?" तिनं हळूच विचारलं.

"थोडं कळत असेल."

"मुंग्या येतेत म्हनत होता. तुला पन यायच्या?"

"यायच्या. अजून येतात."

"आन कमरंला पट्टा आवळल्यावानी?"

"हो."

"आन अंगातली शक्तीच गेल्यासारखं? सकाळी उठूच वाटत नाय असं?"

"हो, माय."

ती एकेक विचारत गेली. यातली प्रत्येक गोष्ट मी तिला कधी ना कधी फोनवर सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी तिनं मला कुठला तरी काढा सांगितला होता. बोलता बोलता ती थांबली. भावाच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्हंजी तुला खरंच होतं व्हय गं ते?"

"व्हय," मी म्हणाले.

तिचे डोळे भरून आले आणि त्याचबरोबर तिला रागही आला. सत्तरी ओलांडलेली माझी माय, मी लहानपणी काही फोडलं की ओरडायची तशा आवाजात म्हणाली, "मंग इतक्या वर्षांत बोलली काहून नाय?"

मी तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी ते ठरवत होते, आणि सांगायला लागले असते तर दवाखाना गोळा झाला असता, एवढा राग माझ्यात साचलेला होता. तेवढ्यात तिनं एक हात भावाच्या पायावर तसाच ठेवून दुसरा माझ्याकडं आणला आणि साडीवरूनच माझी पोटरी दाबायला लागली. उजवी. कोणता पाय, हे तिला विचारावं लागलं नाही.